हिरडा, तिसरी खेप: अडकित्ता बाद, कानस पास

उगवला! काल सकाळी गॅलरीतल्या ट्रेवर पाणी मारताना एका कोपऱ्यात कोकोपीट फुगलेलं दिसलं. बोटाने अलगद सारलं, तर आठळी फाकलेली आणि पांढरं मूळ खाली वळलेलं. आज संध्याकाळपर्यंत 11 झाले. हसू नका, पहिल्या खेपेला 200 आठळ्यांमध्ये 7 आणि दुसरीला भोपळा होता.

दुसऱ्या खेपेचं रडगाणं एकदाच गातो. आठळीचं रुंद टोक कातरायचं आणि 36 तास पाण्यात भिजवायचं, असं ठरलं होतं. आजीचा अडकित्ता सुपारीला ठीक. हिरड्याची आठळी त्यातून सटकते, आणि सापडलीच तर कडकन दुभंगते. आतलं बी चेचलं की आठवड्यात बुरशी. वैतागून धडक्या दिसणाऱ्या 20 फोडल्या, तर 8 पोकळ!

म्हणून या वेळी गर काढून 15 दिवस शेणकाल्यात कुजवल्या, धुतल्या, तरंगल्या त्या फेकल्या. उरलेल्या 60 कानशीने घासल्या, टोकाला आतलं बी जेमतेम डोकावेपर्यंत. दोन रविवार गेले, अंगठ्याला फोड आला. कानस पुण्याच्या बोहरी आळीतून चांगली बघून घ्या. स्वस्तातली दहा आठळ्यांत गुळगुळीत होते.

बियाण्याचीही तऱ्हाच. घरपोच मागवलेल्या हिरड्यात निम्मा बेहडा निघाला, कंगोरे नसलेला, गोल. शेवटी मामाचं गाव गाठलं, आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरच्या अलीकडे. तिथे सगळे उन्हाळ्यात बाळहिरडाच, म्हणजे आठळी न धरलेलं कोवळं फळच झोडतात. मामी म्हणाली, "आठळी धरली की भाव उतरला. पिकायला कोण ठेवतंय रं?" बांधावरच्या एका झाडाच्या शेंड्याला काठी पोचत नाही, म्हणून तेवढी फळं सुटली होती. जानेवारीत त्याच्याखाली वेचली.

गेल्या महिन्यात मामीबरोबर मीही झोडपणीला गेलो. 12 किलो ओला वाळून पावणेचार भरला. व्यापाऱ्याने मूठभर घेऊन खुळखुळवला, एक दाताखाली फोडला आणि काही न बोलता काट्यावर ओतला. मामीच्या लेखी ही शाबासकी.

रोपं पावसाळ्यात बांधावर लावायची होती. पण लिहितालिहिता वाटतंय, बियाच्या झाडाला फळ धरेपर्यंत माझे केस पांढरे होतील. त्यापेक्षा पिशवीतच वाढवून पाचर कलम, म्हणजे चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून रोपाच्या चिरेत बसवणं, का करू नये? काडी त्या उंच झाडाची नको, त्याची थोरवी फक्त उंचीची. मामीच्या परड्यातलं दरवर्षी लगडतं, त्याची घेतो.

हिरड्याची काडी कोणत्या महिन्यात घेता? आणि खारीपासून ट्रे कशाने झाकता? एक आत्ताच कठड्यावर येऊन बसलीय.