तुम्ही विचारलंत म्हणून: चौथीपर्यंत मराठी, पाचवीत इंग्रजी

पाचवीची पहिली चाचणी झाली की आई-बाप हमखास विचारतात, "चौथीपर्यंत वर्गात पहिली येणारी मुलगी एकदम गप्प कशी झाली? मराठी शाळेत घालून आम्ही चूक केली का?"

चूक नाही. पण "होईल हळूहळू" म्हणून सोडून देण्यासारखंही नाही.

गोव्यात मराठीतून इंग्रजीत जायची ही उडी जवळजवळ प्रत्येक मराठी शाळेच्या मुलाला मारावी लागते. मुक्तीनंतर गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, पण माध्यमिक शाळा बहुतेक इंग्रजीच राहिल्या. १९९० साली सरकारी अनुदान मातृभाषेतल्या प्राथमिक शाळांपुरतं ठेवलं गेलं. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही ते द्यायचा निर्णय झाला आणि मोठं वादळ उठलं. त्या वादात कोण बरोबर हा प्रश्न आज बाजूला ठेवू. पाचवीच्या बाकावर बसलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही.

आणि आपल्याकडे उडी दोन भाषांची नसते, तीन भाषांची असते. घरात कोंकणी, शाळेत मराठी, आता पुस्तक इंग्रजी. म्हणून पहिलं काम एवढंच: मुलाला गोष्ट येत नाही, की गोष्टीचं इंग्रजी नाव येत नाही, हे वेगळं करून बघायचं.

विज्ञानाच्या पुस्तकातलं एक साधं वाक्य घ्या: "रूट्स ॲब्झॉर्ब वॉटर फ्रॉम द सॉइल." मूल ते खडाखडा वाचतं. अर्थ विचारला की छताकडे बघतं. पुस्तक मिटा आणि कोंकणीत विचारा, झाडाचं मूळ काय करतं? लगेच उत्तर येतं, "उदक ओडटा," म्हणजे पाणी ओढतं. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, वाढलेल्या पोराला हे कुणी शिकवायला लागत नाही. म्हणजे अडलंय ते फक्त "ॲब्झॉर्ब" या एका शब्दापाशी. "रूट" आणि "सॉइल" फार तर दोन दिवसांत बसतात. उलट कोंकणीत किंवा मराठीत विचारूनही उत्तर आलं नाही, तर इंग्रजीला दोष देऊ नका. तो धडाच पुन्हा शिकवायला हवा, आणि तो मुलाच्या भाषेत.

गणिताचं दुखणं वेगळं, आणि ते पालकांच्या लक्षात उशिरा येतं, कारण आकडे सगळीकडे सारखेच असं आपण धरून चालतो. ते तसं नाही. मराठी ४ इंग्रजी आठासारखा दिसतो, मराठी १ इंग्रजी नवासारखा. घाईत लिहिलेल्या बेरजेत मूल अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी लिहून जातं आणि उत्तर चुकतं. ऐकण्यातही गोची आहे. "सत्तेचाळीस" म्हणताना आपण सात आधी बोलतो, "फोर्टी सेव्हन"मध्ये चाळीस आधी येतात. "फोर्टीन" आणि "फोर्टी", "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" कानाला जवळजवळ एकच. रोज दहा आकडे तोंडी सांगून लिहून घेतले तर पंधरवड्यात फरक दिसतो. सांगताना १३-३०, १४-४०, १५-५० या जोड्या मुद्दाम मिसळायच्या.

शाब्दिक उदाहरणांत खरा घात होतो तो शब्दांच्या क्रमाने. "फाइव्ह लेस दॅन ट्वेल्व्ह" वाचलं की मूल ५ आधी लिहितं, मग वजाचं चिन्ह, मग १२. मराठीत "१२ पेक्षा ५ ने कमी" म्हणताना बारा आधीच येतात, त्यामुळे ही चूक तिथे व्हायला जागाच नाही. "सबट्रॅक्ट एट फ्रॉम फिफ्टीन" हा त्याचाच भाऊ. "हाऊ मेनी मोर" दिसलं की मूल बेरीज करून मोकळं होतं, कारण "मोर" म्हणजे जास्त हे त्याला पाठ असतं. एकीकडे १५ मानकुराद आंबे, दुसरीकडे ९. "किती जास्त" याचं उत्तर २४ लिहिलेलं दिसलं तर मुलाला वजाबाकी येत नाही असं समजू नका. उदाहरण त्याला आधी स्वतःच्या भाषेत सांगू द्या, मग पेन्सिल हातात द्या.

पाढे मात्र बदलू नका, हे मी जरा आग्रहानेच सांगतो. "बे दुणे चार"ची लय चार वर्षं घोटून बसलेली असते. ती मोडून "टू टूज आर फोर" नव्याने पाठ करायला लावलं की वेगही जातो आणि अचूकपणाही. डोक्यातला हिशेब मराठीत होऊ दे, उत्तर इंग्रजीत लिहू दे. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अंगवळणी पडलेल्या मुलाला अपूर्णांकाची भीती कमी वाटते. त्याला फक्त अंशाला "न्यूमरेटर" आणि छेदाला "डिनॉमिनेटर" म्हणतात एवढं कळलं की पुरे. लसावि म्हणजे "एलसीएम" आणि मसावि म्हणजे "एचसीएफ", ही जोडी मात्र उलटसुलट होते. तिचा कागद टेबलासमोर चिकटवा.

शब्दांसाठी दोनशे पानांची एक लांब वही घ्या. प्रत्येक पानावर तीन रकाने: इंग्रजी शब्द, मराठी किंवा कोंकणी अर्थ, आणि तिसऱ्यात चित्र नाहीतर मुलाचं स्वतःचं वाक्य. रोज पाच शब्द, जास्त नकोत. आठवड्याचे तीस होतात. रविवारी मधला रकाना हाताने झाकून विचारायचे, चुकतील ते सोमवारच्या पाचात परत घ्यायचे. वीस-वीस शब्द घालणाऱ्या घरांत ही वही चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंतसुद्धा टिकत नाही. चवथीचं नाव निघालंच आहे तर, माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीला, बांधलेला चिबूड, कांगलां, नीरफणस ओळखणारं मूल "क्रीपर" आणि "सीड" हे शब्द एका फटक्यात शिकतं, कारण वस्तू त्याने हातात धरलेली असते.

वहीची पहिली पानं मात्र धड्यातल्या शब्दांची नकोत, प्रश्नांतल्या शब्दांची हवीत. पेपर कोरा राहतो तो बऱ्याचदा उत्तर येत नाही म्हणून नव्हे, प्रश्न काय मागतोय ते कळत नाही म्हणून. "डिफाइन" म्हणजे व्याख्या लिहा, "गिव्ह रीझन्स" म्हणजे कारणं द्या, "डिस्टिंग्विश" म्हणजे फरक सांगा. "स्टेट" म्हणजे मुलाला राज्य वाटतं. "नेम द पार्ट्स" असं वाचून स्वतःचं नाव लिहिणारं मूल विनोदी वाटेल, पण असं होतं. "एक्सेप्ट", "अनलेस", "नॉट" हे छोटे शब्द अख्खं वाक्य फिरवतात, म्हणून ते लाल पेनाने लिहा.

ट्युशनबद्दल विचारता म्हणून सांगतो. उत्तरं लिहून देऊन पाठ करून घेणारी ट्युशन पाचवी-सहावीत गुण देते आणि नववीत हात सोडते. ओळखायची खूण सोपी आहे. "व्हॉट इज इव्हॅपोरेशन"चं उत्तर मूल घडाघडा म्हणतं. मग विचारा, दोरीवरचे कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठे जातं? गप्प बसलं तर पैसे पाठांतराला जातायत. मोबाइलवर अख्ख्या धड्याचा फोटो काढून भाषांतर करणंही त्यातलंच. मूल मराठी वाचतं आणि इंग्रजी तसंच राहतं. एका शब्दापुरता मोबाइल चालेल, तोही मुलाने आधी अंदाज बांधल्यावर.

"आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय घेणार अभ्यास?" येत नसेल तर उलट बरं. वेर्ण्याच्या नाहीतर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतून शिफ्ट करून आलेल्या बापाने रात्री दहा मिनिटं बसून एवढंच म्हणायचं: आज काय शिकवलं ते मला सांग. मूल कोंकणीत सांगेल. मध्येच "म्हणजे काय?" असं दोनदा विचारायचं. ज्याला खरंच माहीत नाही त्याला समजावताना मुलाचं बिंग लगेच फुटतं; माहीत असलेला माणूस मध्येच उत्तर सांगून टाकतो.

"घरी इंग्रजीच बोला" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. मोडक्या इंग्रजीत घरातलं बोलणं चार वाक्यांवर येतं, आणि मूल प्रश्न विचारणंच सोडतं.

आणि त्याच वहीत मागच्या बाजूने बापाची पानं सुरू करता येतात. कंपनीत शिफ्टच्या रजिस्टरात "मशीन नॉट वर्किंग" लिहिलं की पुढच्या शिफ्टला काहीच कळत नाही, आणि मग बोलणी खावी लागतात. पाच गोष्टी, याच क्रमाने: वेळ, मशीनचा नंबर, काय झालं, काय केलं, काय राहिलं. त्यासाठी लागणारे शब्द मोजकेच. घसरला म्हणजे "स्लिप", झिजला म्हणजे "वॉर्न", गळतो म्हणजे "लीक", अडकला म्हणजे "जॅम". रविवारी मधला रकाना झाकायची पाळी मग मुलाची.