तंबोऱ्यामागचा मुलगा

आठवीत असताना बाईंनी मला समूहगीताच्या रांगेतून उठवलं. एवढ्या मुलांच्या आवाजात माझा तेवढा वेगळा ऐकू येत होता, आणि तो काही चांगल्या अर्थानं नव्हे. मला वाटलं, झालं, आता वर्गाबाहेर. पण बाईंनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याची गवसणी काढली. "गळा नाही तुला. हात आहे का बघू. बस इथे." पुढची तीन वर्षं मी शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमात गाणाऱ्यांच्या मागे बसलो. त्या काळच्या फोटोंत मी सापडत नाही. एका फोटोत खुंट्यांच्या मागे अर्धा कान दिसतो, तो माझा.

बाई म्हणजे आपल्या शाळेच्या संगीताच्या बाई. या स्मरणिकेतही त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि माझ्या वेळच्या कुणालाही 'बाई' एवढं पुरे आहे.

तंबोऱ्यात काय शिकायचंय, चार तर तारा, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं. मधल्या बोटानं पंचम म्हणजे 'प', तर्जनीनं जोडीचे दोन षड्ज म्हणजे 'सा' आणि शेवटी खर्ज म्हणजे खालचा 'सा', झालं. पण सगळी गोम लावण्यात होती. बाई आधी पंखा बंद करायला लावत. खुंटी पिळून तार सुरापाशी आणायची, मग खालचा मणी केसभर सरकवून उरलेला फरक काढायचा आणि शेवटी घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, आणि तार यांच्यामध्ये सुती दोरा मागेपुढे करत जवारी, म्हणजे तारेचा झंकार, खुलवायची. मालकंसासारखा पंचम नसलेला राग असेल तर पहिली तार मध्यमात उतरवायची. एवढं झालं की त्या डोळे मिटून विचारायच्या, "गंधार ऐकू येतो का?"

मला येत नसे. येणार कुठून? गंधाराची, म्हणजे 'ग'ची, तारच नाही! दोन-तीन महिने मी खोटं 'हो' म्हणत राहिलो, आणि मी खोटं बोलतोय हे त्यांना कळत होतं. मग एका दुपारी, शाळा सुटल्यावर, खर्जाची पितळी तार विरत असताना तिच्या पोटातून तो वर आला. बारीक, पण अगदी स्पष्ट. मी दचकून बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "आज खरं बोलतोयस." पुढे आयटीआयला गेल्यावर समजलं की तारेच्या मूळ कंपनांबरोबर त्यांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी कंपनंही चालू असतात आणि त्या पाचपटीतून हा स्वयंभू गंधार येतो. मी यंत्रदुरुस्तीच्या धंद्यात आहे. बेअरिंग जाणार असलं की मला आधी ऐकू येतं. सोबतचे लोक याला अनुभव म्हणतात. मी त्यांना तंबोऱ्याची गोष्ट सांगत बसत नाही.

वाजवताना मात्र त्यांचा एकच नियम होता. "तबला धावला तरी तू धावायचं नाहीस. गाणारा चुकला तरी तू थांबायचं नाहीस. आणि तू चांगला वाजवतोस असं कुणी म्हणालं, तर समज, जोरात वाजवतोयस." पेटी त्यांना निषिद्ध नव्हती. आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं पेटीला दार बंद केलं होतं, ही हकिकत त्या हसत सांगायच्या आणि लगेच भाता ओढून मुलांना सूर द्यायच्या. पण मन तंबोऱ्यात होतं.

त्यांची एक लांबट वही होती. पुढून उघडली की भातखंडे लिपीत बंदिशी. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी. मागून उघडली की माजी विद्यार्थ्यांची नावं, पत्ते आणि रक्तगट. ज्याचा गट निगेटिव्ह, त्याच्या नावाखाली तशीच कोमल स्वराची रेघ. गावात कुणाला रक्त लागलं की निरोप बाईंकडे यायचा. त्या वही उलटी करायच्या, बोट फिरवायच्या आणि एखाद्या पोराला सायकलवर पिटाळायच्या. रेघवाले मोजकेच. त्यांना त्या उगीच शिबिरात रक्त देऊ देत नसत. एकदा दिलं की पुन्हा देण्याआधी निदान तीन महिने जायला हवेत, आणि नेमकी गरज मधेच लागली तर?

मला अठरावं पूर्ण झालं त्या आठवड्यात पोस्टकार्ड आलं. वर शुभाशीर्वाद आणि खाली एकच ओळ: 'वजन किती?' पंचेचाळीस किलोंच्या आत असेल तर रक्त घेत नाहीत. मी त्रेचाळीस होतो. सहा महिन्यांनी पात्र झालो, ऐटीत साडेतीनशे मिलिलिटर दिलं आणि उठताना आडवा झालो. शुद्धीवर आलो तेव्हा माझे पाय बाईंच्या मांडीवर उंच धरलेले होते. गुरूच्या मांडीवर पाय! मी ओढून घ्यायला लागलो, तर म्हणाल्या, "राहू दे रे. डोक्याकडे रक्त जायला नको का?"

त्यांचं देवाशी नातं कडक होतं. पहाटे देवासमोर एक भजन व्हायचंच, आणि तेव्हा ऐकायला कुणी बसलेलं त्यांना चालत नसे. उपासही बरेच. पण उपाशीपोटी रक्त द्यायचं नसतं, म्हणून त्यांच्या गटाची मागणी उपासाच्या दिवशी आली की त्या आधी नीट जेवायच्या. "त्याला मी नंतर सांगते," असं म्हणायच्या. तो म्हणजे देव.

घरी सासूबाई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. शिकवणी त्यांच्याच खोलीत चालायची, म्हणजे गाणंही होई आणि कुशीवर वळवणंही वेळेवर होई. कुणी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकलं की खाटेच्या लाकडावर त्यांचं बोट वाजायचं. बाईंच्या दोन्ही मुलींना गाण्याची आवड नव्हती आणि बाईंनी ती लावायचा हट्टही कधी केला नाही. दुसऱ्यांच्या मुलांना तासन् तास घोटून घेणारी ही बाई घरी याबाबत चकार शब्द काढत नसे, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या गेल्या तेव्हा धाकटीचा पहाटे फोन आला. आईनं नेत्रदानाचा फॉर्म भरला होता, आता काय करायचं? फॉर्म भरलेला असला तरी घरच्यांनी कळवल्याशिवाय पुढे काही होत नाही आणि सहा तासांच्या आत व्हावं लागतं. मी म्हटलं, आधी पंखा बंद कर. पापण्या मिट, वर ओला कापूस ठेव, डोक्याखाली उशी दे. नेत्रपेढीला मी कळवतो. मी पोहोचलो तोवर एक नातेवाईक वाद घालत होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे कुणाच्या काय कामाचे? त्यांना समजावलं की मोतीबिंदू आतल्या भिंगाला होतो, उपयोगी पडतं ते पुढचं पारदर्शक बुबुळ. तरी त्यांची कुरकुर चालूच होती. थोरली उठली आणि त्यांना म्हणाली, "काका, आईनं ठरवलंय." पथक आलं, वीसेक मिनिटांत काम आटोपून गेलं. दोन बुबुळं, म्हणजे बहुधा दोन माणसं. ती कोण, हे घरच्यांना सांगत नाहीत.

तंबोरा मुलींनी शाळेला दिला. परवा स्मरणिकेच्या कामासाठी आलो तेव्हा संगीताच्या वर्गात पाहिला. भोपळा शाबूत आहे. जोडीच्या तारा गंजल्यात, एक मणी हरवलाय, जवारी पार बसली आहे. मिरजेला नेऊन घोडी घासून आणावी लागेल. ते मी करतो. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती, शाळेच्या महोत्सवाच्या आदल्या दिवशी मला तासभर ती खोली द्यावी. एखादा बेसूर मुलगा असेल तर तोही पाठवावा. आणि तेवढा वेळ पंखा लावू नये.