तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांसाठी बांधकामाचा कुठला सेट घ्यावा?

मी साइट इंजिनियर आहे, त्यामुळे ओळखीतले आईबाप हमखास विचारतात, "मुलांना बांधकामाची गोडी लागावी म्हणून कुठला सेट घेऊ?" माझी लेक आता सहाची होईल. आमच्या घरी सेट नाही. लाकडाचे चाळीस ठोकळे आहेत, आणि दिवाळीत माती.

ठोकळे मी आमच्या सुतारकाकांकडून उरलेल्या सागाचे कापून घेतले. सगळे एकाच मापाचे: 12 सेंमी लांब, 6 रुंद, 3 जाड. हे प्रमाण माझं नव्हे. न्यूयॉर्कमध्ये 1914 साली शाळा काढणाऱ्या कॅरोलाइन प्रॅट यांच्या ठोकळ्यांचं हेच प्रमाण, 4:2:1. आपल्या विटेचं मापही असंच विचारपूर्वक ठरलंय. प्रमाणित वीट 19×9×9 सेंमीची. 1 सेंमी मसाल्याचा सांधा धरला की 20 आणि 10, म्हणजे लांबी रुंदीच्या बरोबर दुप्पट. लेकीला यातलं काही सांगितलं नव्हतं. तिने दोन ठोकळे एकमेकांना चिकटवून ठेवले, वर तिसरा आडवा टाकला. तो या कडेपासून त्या कडेपर्यंत नेमका बसला. मग कडेवरून बोट फिरवत ती कितीतरी वेळ गप्प बसली होती.

पहिल्या भिंती ती ठोकळ्यावर ठोकळा, सांध्यावर सांधा अशा रचायची. सातआठ थर झाले की भिंत मधोमध फाटायची. मला रोज कामावर हेच बघायचं असतं, त्यामुळे हात शिवशिवायचे, पण मी फक्त विचारायचे, "कुठून फुटली गं?" ती बोट दाखवायची. दोनतीन आठवडे हेच चाललं. एका रविवारी तिने स्वतःहून वरचा ठोकळा खालच्या दोघांच्या मध्ये सरकवला. गवंडी याला सांधा मोडणं म्हणतात. भिंत उभी राहिली, पण टोकाला दातांसारख्या खाचा राहिल्या. ते तिला मुळीच पटेना. "आई, याचा अर्धा दे ना." साइटवर गवंडी अद्धा मागतो, अगदी तसंच! सुतारकाकांनी दुसऱ्याच दिवशी सहा ठोकळे मधोमध कापून दिले. तिला आयता अद्धा देऊन ठेवला असता तर ही मागणी आलीच नसती, म्हणून तुम्हीही सुरुवातीला पूर्ण ठोकळेच द्या.

ओळंबा दोऱ्याला नट बांधून केलाय. भिंत सरळ आहे का, हे आता ती मला नाही, दोऱ्याला विचारते.

मातीचं शिकणं मात्र वेगळं. गेल्या दिवाळीत गॅलरीत किल्ला केला: विटांचे तुकडे, त्यावर गोणपाट, वर चाळलेली लाल माती. तिचा बुरूज डब्यासारखा सरळसोट होता, रात्रीत ढासळला. सकाळी फार रडली, आणि मी तो परत उभा करून दिला नाही. त्याआधी आम्ही लोहगडावर गेलो होतो, तिथले फोटो काढून समोर ठेवले. बराच वेळ बघून ती म्हणाली, "याचे पाय लांब आहेत." दुसरा बुरूज तिने खाली पसरट, वर निमुळता थापला. भाऊबीज उलटली तरी तो जागचा हलला नाही.

उतारावर अळीव पेरलं होतं, पण तिच्या मुठीतलं एका बाजूलाच संपलं. रोज पाणी शिंपडायची. दहाव्या दिवशी उघड्या बाजूची माती ओघळून पायथ्याशी आली होती, हिरवी बाजू जशीच्या तशी. तिने अळिवाचं एक रोप हळूच उपटलं, मुळाला लोंबणारी माती माझ्या डोळ्यांपुढे धरली आणि म्हणाली, "याने धरून ठेवलंय." मग ते रोप परत लावायला जागा शोधत उघड्या बाजूला गेली.