मुंगळा, आरसा आणि सव्वादहाचं ऊन

माझं रोजचं काम म्हणजे बिल्डर लोकांसाठी मॉडेल करणं. टॉवर, स्विमिंग पूल, आणि प्रत्यक्षात कधीच लागणार नाहीत एवढी झाडं. त्यामुळे एक काका आले आणि म्हणाले मला सिनेमा टॉकीजची प्रोजेक्शन केबिन करून हवीये आणि तिचे चांगले फोटो हवेत, तेव्हा मी रेटबिट न बोलताच हो म्हणून बसलो. त्यांचे वडील तालुक्याच्या गावी टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. टॉकीज पाडून तिथे आता कॉम्प्लेक्स झालंय, वडीलही गेले, केबिनचा फोटो म्हणाल तर एकच, तोही हललेला.

स्केल धरलं १:१२. दोन कार्बन आर्कची मशीनं (कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीच्या उजेडावर चालणारे जुने प्रोजेक्टर), रीळ गुंडाळायचं टेबल, खिळ्याला टॉवेल, अर्धा चहा उरलेला ग्लास. फिल्मपाशी अडलो. ३५ एमएमला १२ने भागलं की जेमतेम ३ एमएम येतात, एवढी बारीक पट्टी कापणार कोण? शेवटी घरातली एक जुनी ऑडिओ कॅसेट फोडली, तिची टेप पावणेचार एमएमच्या आसपास असते पण चमक अशी जुळली की विचारू नका. (कुठली कॅसेट ते बायकोला अजून सांगितलेलं नाही.)

भिंतीतल्या झरोक्यातून खालचा हॉल दिसायला हवा होता आणि मागे जागा उरलेली फक्त फूटभर. इथे १९४२चा कॅसाब्लांका हा हॉलिवूडचा सिनेमा कामाला आला. त्यातल्या शेवटच्या एअरपोर्टच्या सीनमधलं मागचं विमान खरं नाहीच, लहान केलेलं खोटं आहे, ते लांब उभंय असं वाटावं म्हणून त्याच्याजवळ बुटकी माणसं उभी केली आणि वरून धुकं सोडलं. तसं आपण पण दिवाळीच्या किल्ल्यावर हेच करायचो की, मोठे मावळे खाली दरवाज्यात, बारके वर बालेकिल्ल्यावर! मग मी जवळच्या खुर्च्या १:२४च्या केल्या आणि पुढे पुढे लहान करत नेल्या, पडदा म्हणजे एटीएम कार्डाएवढा पांढरा कागद.

फोटोच्या दिवशी सकाळी आठलाच वर्कशॉपवर. काका अकराला येणार होते. केबिनमध्ये उभ्या माणसाचे डोळे १:१२ ला साडेबारा सेंटीमीटरवर येतात, तेवढ्या उंचीवर लेन्स येईल असा कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर टेकवला. एक्झॉस्ट फॅनच्या भोकामागे एलईडी लावला, फोटो काढला, आणि बघतो तर खेळणं. सगळं बरोबर असून खेळणं. एलईडी मागे-पुढे केला, बटर पेपर लावला, तरी तेच. पाती काढून परत बसवली. त्यात एक मुंगळा आला आणि रिळावर चढून बसला, या स्केलला तो म्हणजे घुशीचं पिल्लूच, त्याला काढताना चहाचा ग्लास उडाला तो आजपर्यंत सापडलेला नाही. दुसरा केला.

चिडून दारात जाऊन उभा राहिलो. समोर अंगणात झक्क ऊन पडलेलं. आणि एकदम गुरुदत्तचे कॅमेरामन व्ही. के. मूर्ती आठवले. १९५९च्या कागज के फूलमध्ये अंधाऱ्या स्टुडिओत वरून तो प्रकाशाचा झोत पडतो ना, तो लाइटचा नाही, त्यांनी आरसे लावून बाहेरचं ऊन आत आणलं होतं. एलईडी वीतभर अंतरावर, त्याचा उजेड पंख्यासारखा फाकतो, सावल्याही तिरक्या फाकतात आणि डोळ्याला लगेच कळतं की दिवा जवळ आहे. सूर्य काय, खऱ्या केबिनला जेवढा लांब तेवढाच माझ्या डब्याला!

दाढीचा आरसा दारात विटांवर उभा केला, कवडसा बरोबर फॅनच्या भोकात सोडला. आत उदबत्ती फिरवली. झोत सरळ खाली उतरला आणि पात्यांची सावली दोन मशीनमधल्या स्टुलावर पडली, मी तर बघतच राहिलो.

पण ऊन काय थांबतंय होय, दोन-तीन मिनिटांत कवडसा सरकतो. आणि जवळचं-लांबचं सगळं स्पष्ट यावं म्हणून नेहमीसारखं वेगवेगळ्या फोकसचे दहा-बारा फोटो काढून जोडावे तर धूर प्रत्येक फोटोत वेगळा, नुसता चिखल होतो. म्हणून लेन्सचं भोक बारीक करून (एफ १६) एका फोटोतच काय ते, परत आरसा, परत उदबत्ती, असं चाळीसेक वेळा केलं. हॉलच्या शेवटच्या रांगा जरा धूसरच आल्या, येऊ दे म्हटलं.

काका आले. त्यांना वडिलांची बाहुली हवी होती आणि मी नको म्हटलं होतं, त्यावरून आमचं आधीच थोडं वाजलेलं, त्यामुळे मी गपचूप लॅपटॉप पुढे केला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "शो चालू असताना इतका उजेड नसायचा हो केबिनमध्ये."

मला वाटलं, गेलं सगळं.

"बाबा त्या स्टुलावर बसायचे. रीळ संपत आल्याचा टिपका पडद्याच्या कोपऱ्यात आला की उठून दुसरं मशीन चालू करायचे." परत स्क्रीनकडे बघून म्हणाले, "म्हणजे हा मॅटिनीच्या आधीचा टाइम आहे. खाली गेलेत ते, पोस्टरवाल्याशी बोलत असणार. चहा तसाच ठेवून जायचे नेहमी."