डीपफेक ओळखायला नको, थांबायला शिकवा

“सात-आठ वर्षांच्या लेकराला डीपफेक सांगायचं कसं?” सोलापुरातले पालक हे नेहमी विचारतात. डीपफेक म्हणजे एआयने, कृत्रिम बुद्धिमत्तेने, बनवलेला खोटा फोटो, व्हिडिओ किंवा आवाज. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

एआय हा शब्द आधी बाजूला ठेवा. जत्रेतल्या फोटोवाल्याच्या फळीला भोक असतं, त्यातून तोंड काढलं की धड पहिलवानाचं आणि चेहरा आपला. मोबाइलवर तेच होतं, फक्त चित्र हलतं, बोलतं. त्या वयाला एवढं पुरे. मग फोन पोराच्याच हाती द्या आणि फिल्टर लावून बाबांचा चेहरा बदलायला सांगा.

‘डोळे मिचकावतो का बघ, बोटं मोज’ असल्या युक्त्या मात्र शिकवू नका. 2018च्या सुमारास डोळ्यांची खूण उपयोगी पडायची, कारण बनावट चेहरे डोळे फारसे मिचकावत नसत. नव्या साधनांनी ती चूक सुधारली. बोटं पाच भरली की मूल ‘खरंय’ म्हणून मोकळं होतं.

लहानग्यांना खरा धोका आवाजाचा. काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरून नक्कल होते, आणि तेवढा आवाज आईच्या स्टेटसवर असतोच. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलता म्हणून निर्धास्त राहू नका, नक्कल त्या भाषांतही जमते. शाळेच्या गेटवर कुणी फोन पुढे करून म्हणालं, “घे, आई बोलतेय,” तर फोन घ्यायचा नाही. मागे फिरून बाईंकडे जायचं, त्यांनी शाळेत नोंदवलेल्या नंबरवर आईला लावायचं. हे घरी दोन-चारदा खेळून बघा, नुसतं सांगून ऐनवेळी सुचत नाही.

बोलणारं माणूस खरंच घरचं आहे का, हे ओळखायला घरात एक परवलीचा शब्द ठरवा. टोपणनाव, वाढदिवस, कुत्र्याचं नाव नको. फॅमिली ग्रुपवर टाकणं तर नकोच. गडबड होते ती इथे: मूल स्वतःच विचारतं, “आपला शब्द ‘कडक भाकरी’ ना?” शब्द समोरच्याने सांगायचा, मुलाने आठवण करून द्यायची नाही. आजी-आजोबांनाही तो पाठ हवा. बाहेर फुटला, तर त्याच दिवशी बदला.

दहाच्या पुढच्या मुलांना आणखी एक गोष्ट आधीच सांगा: कुणी तुझा चेहरा लावून घाणेरडा फोटो केला, तर चूक तुझी नाही, आम्ही रागावणार नाही. ही खात्री नसेल तर मूल लपवतं, आणि धमकावणाऱ्याला तेच हवं असतं. असा फोटो पुरावा म्हणूनही कुणाला फॉरवर्ड करू नका. मुलांचे अश्लील फोटो पाठवणं हाच गुन्हा आहे. लिंक, खात्याचं नाव, वेळ लिहून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मुलाला मदत हवी असेल तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला.