संपूर्ण संचांचा संसार

जॅझ ऐकणाऱ्यांत एक पोटजात अशी असते की तिला एखादी गोष्ट चांगली मिळून भागत नाही, ती सगळी मिळावी लागते. पियानोवादक बिल एव्हान्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी 25 जून 1961 रोजी, रविवारी, न्यूयॉर्कच्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका वाजवल्या. त्यांतून निवडून काढलेल्या दोन एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकड्या, साठ वर्षांहून अधिक काळ जगभर ऐकल्या जात आहेत आणि त्या निवडीला नाव ठेवायला जागा नाही. तरीही 2005 मध्ये त्या दिवशी टेपवर जे जे उतरले होते ते सगळे, वाजवलेल्या क्रमाने, तीन सीडींच्या संचात निघाले तेव्हा ज्यांच्याकडे त्या दोन्ही एलपी होत्या तेच तो घ्यायला पुढे धावले. मीही त्यांतलाच. या संचाच्या अगदी आरंभी पहिलीच रचना रंगात येत असताना वीज जाते आणि ध्वनिमुद्रण अडखळते. संपादकांनी ते अडखळणे काढून न टाकता जागच्या जागी ठेवले आहे. परदेशातून, कस्टमची ड्यूटी भरून, वीज गेल्याचा पुरावा मागवणाऱ्या माणसाला घरच्यांनी काय म्हणावे हा प्रश्न रास्त आहे आणि आमच्या घरी तो वेळोवेळी विचारलाही जातो.

त्याला माझ्याकडे एक उत्तर आहे. त्या दिवसानंतर अकराव्या दिवशी त्रयीतला बासवादक स्कॉट लाफारो मोटारीच्या अपघातात गेला. तो पंचवीस वर्षांचा होता. एलपीवर ऐकताना आपल्याला उत्तम संगीत ऐकू येते. संचात मात्र एक अख्खा दिवस ऐकू येतो. दुपारी थोडीच माणसे आलेली असतात, पेले किणकिणत असतात, कोणीतरी भर वादनात मोठ्याने हसते. रात्री उशिरा वाजवणाऱ्यांचे हात सैल झालेले असतात. त्यांच्यातल्या कोणालाही ठाऊक नाही की हे तिघांचे शेवटचे ध्वनिमुद्रण आहे, आणि ऐकणाऱ्याला ठाऊक असूनही त्याचा काही उपयोग नाही.

या ‘संपूर्ण’ संचांना पंथाचे स्वरूप आले ते ‘मोझेक’ या छोट्या कंपनीमुळे. मायकेल कस्कुना आणि चार्ली लॉरी या दोघांनी ती अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या स्टॅमफर्ड गावी उभी केली आणि 1983 मध्ये पियानोवादक थेलोनियस मंकच्या ‘ब्लू नोट’ या जॅझच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीसाठी केलेल्या सगळ्या ध्वनिमुद्रणांचा संच काढून सुरुवात केली. धंद्याची रीत सरळ होती. मोठ्या कंपन्यांच्या गुदामांत पडून असलेल्या टेपा ठरावीक प्रतींपुरत्या भाड्याने घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, प्रत्येक खोक्यावर क्रमांक घालायचा आणि दुकानाच्या वाटेला न जाता टपालाने विकायचे. प्रती संपल्या की विषय संपला, पुन्हा छपाई नाही. खोके काळे, फूटभर लांब आणि तितकेच रुंद. आत सीडी असल्या तरी आकार एलपीचाच, कारण सोबतची पुस्तिका त्या आकाराची असते. संच संपल्यावर जुन्या बाजारात त्याचा भाव कुठल्या कुठे जातो. त्यामुळे या पंथात काही मंडळी अशीही शिरली की ज्यांनी खोक्यावरचे प्लॅस्टिक कधी फाडले नाही. त्यांच्याशी माझे वैर नाही, पण त्यांच्याकडे चहाला जावे असेही मला वाटत नाही.

कस्कुना 2024 मध्ये गेला. वाजवणारा नसलेल्या, फक्त शोधणाऱ्या आणि लावणाऱ्या माणसाच्या जाण्याची इतकी हळहळ संगीताच्या जगात क्वचितच होते. ती का झाली हे त्या पुस्तिका उघडल्यावर समजते. प्रत्येक सत्राची तारीख, स्टुडिओ, ट्रम्पेटवर कोण, ड्रमवर कोण, तबकडीचा साचा क्रमांक, कितवा टेक, म्हणजे त्या रचनेच्या मुद्रणाचा कितवा प्रयत्न, तो आधी कुठे निघाला होता की आजवर निघालाच नव्हता, अशी बारीक टायपातली कोष्टके पानोपानी असतात. ‘ब्लू नोट’च्या संचांत त्यांच्या शेजारी फ्रान्सिस वुल्फने त्याच सत्रात काढलेली छायाचित्रे येतात. कपाळावर घाम, बोटांत सिगारेट, आणि पियानोच्या कडेला ठेवलेला कॉफीचा कागदी पेला. ऐकताना मी ते पान समोर धरून बसतो, आणि एखाद्या टेकमध्ये सॅक्सोफोन थोडा मागून आल्यासारखा वाटला की छायाचित्रात तो माणूस मायक्रोफोनपासून किती दूर उभा आहे ते पाहतो. याने संगीत अधिक गोड होते असा माझा दावा नाही, अधिक खरे मात्र होते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 एवढ्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिची आठवण मला या खोक्यांपाशी हटकून होते. जी कथा प्रत्येकाला आजीकडून फुकट मिळत होती तिच्यासाठी विद्वानांच्या पिढ्या हस्तलिखिते ताडून पाहत बसल्या आणि पानाच्या तळाशी पाठभेद नोंदवत राहिल्या. रात्री झोपताना वाचायला ती आवृत्ती कोणी घेत नाही, पण ती नसती तर नेमके काय लिहिले गेले होते हे भांडणही नीट करता आले नसते. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या 26 नोव्हेंबर 1945 च्या सत्राचे पाहा. ‘को-को’ या रचनेचा गाजलेला टेक कुठेही मिळतो. त्याच्या आधीचा फसलेला टेक मात्र संपूर्ण संचातच भेटतो. त्यात पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी ठरलेली सलामी वाजवतात आणि ‘चेरोकी’ या तेव्हाच्या लोकप्रिय गाण्याची धून सुरू करतात. ताबडतोब टाळ्या, शिट्टी, थांबा थांबा अशी ओरड, आणि टेक बंद. मूळ धून वाजली असती तर तिच्या मालकाला हक्काचे पैसे द्यावे लागले असते, असे त्याचे कारण सांगितले जाते. पुढच्या प्रयत्नात धून गाळून थेट तिच्या स्वरसंगतींवर पार्कर तुटून पडला आणि बीबॉप या जॅझच्या नव्या, वेगवान शैलीची ओळख म्हणून जो सांगितला जातो तो नमुना तयार झाला. पाठभेद हाती असला म्हणजे क्रांतीच्या मागे हिशेबाची वहीही दिसते.

हे सगळे खरे असले तरी संपूर्ण संच ऐकणे हा दर वेळी आनंदाचा भाग असतो, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. एकाच रचनेचे चार टेक, त्यांतले दोन आठ सेकंदांत मोडलेले, ओळीने ऐकायला बसणे म्हणजे कष्टाचेच काम आहे. पियानोवादक आणि गायक नॅट किंग कोलच्या त्रयीचा अठरा सीडींचा संच अभ्यासासाठी अमोल असेल, पण त्यातली गोडी तिसऱ्या सीडीनंतर जिभेवर बसू लागते. माझ्या मते सत्रक्रम हा कागदावर असावा आणि ऐकण्याचा क्रम एलपीचाच असावा, कारण एलपी लावणाऱ्या निर्मात्यालाही कान होते. याला एकच मोठा अपवाद आहे आणि तो म्हणजे रंगमंचावरची ध्वनिमुद्रणे. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने नोव्हेंबर 1961 च्या पहिल्या आठवड्यात त्याच व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये जे वाजवले त्याचा चार सीडींचा संच 1997 मध्ये आला. त्यात ‘इंडिया’ ही रचना चार वेळा आहे. काही वेळा मागे अहमद अब्दुल-मलिकचे तंतुवाद्य एक सूर धरून राहते, काही वेळा ते नाही. एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट एकदा वाट अडवतो, एकदा वाट दाखवतो. लागोपाठच्या रात्री एकच राग ऐकण्याची ज्यांना सवय आहे त्यांना यात कंटाळ्याचे काही दिसणार नाही. कोल्ट्रेनचे रविशंकरांवर इतके मन होते की 1965 मध्ये झालेल्या मुलाचे नाव त्याने रवी ठेवले. ‘इंडिया’ एकदाच ऐकणे म्हणजे आलाप ऐकून उठून जाणे होय.

आणि सगळे जमवण्याच्या नादाचा कळस पाहायचा तर डीन बेनेडेट्टीचा संच पाहावा. हा स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा, पण 1947-48 मध्ये तो यंत्र घेऊन पार्करच्या मागे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या क्लबांत फिरला आणि पार्करचे एकल वादन तेवढे ध्वनिमुद्रित करत राहिला. बाकीचा कोणी वाजवू लागला की यंत्र बंद. 1957 मध्ये इटलीत त्याचा मृत्यू झाला, तबकड्या आणि टेपा भावाकडे राहिल्या, अनेक वर्षे त्या केवळ दंतकथा होत्या, आणि 1990 मध्ये मोझेकने सात सीडींच्या रूपात त्या बाहेर काढल्या. तुटक, खरखरीत, आगापिछा नसलेले ते तुकडे आहेत. पार्कर बोलू लागतो आणि वाक्य संपायच्या आत शब्द कापला जातो. यापेक्षा अपूर्ण काही असू शकत नाही, आणि तरीही खोक्यावर ‘संपूर्ण’ छापलेले आहे, ते बरोबरही आहे.

आता या खोक्यांचे पुढे काय, हा प्रश्न मला बाहेरच्यांइतकाच कपाटही विचारते. मुंबईच्या दमट हवेत पुठ्ठ्याला बुरशी येते. जुन्या जाड डब्यांतल्या सीडींवर स्पंजाचा जो पातळ तुकडा ठेवलेला असे तो काही वर्षांनी चिकट होऊन चकतीला धरून बसतो आणि सोलताना छापील बाजू घेऊनच निघतो. ज्यांच्याकडे असे डबे आहेत त्यांनी तो आजच काढून टाकावा. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात 1990 च्या आसपास निघालेल्या काही सीडी कडेपासून तपकिरी पडत जातात, कारण त्यांच्यावरचे लाखेचे आवरण पुस्तिकेच्या कागदातल्या गंधकापुढे टिकले नाही. जिच्यासाठी आपण हा सारा खटाटोप करतो त्या पुस्तिकेनेच चकती खाल्ली, असा हा प्रकार आहे. शिवाय नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नाही, नव्या मोटारीलाही नाही. काळा घोड्याच्या ज्या ऱ्हिदम हाउस या संगीताच्या दुकानात शनिवारी नुसते खोके हाताळायला जाता येई, ते 2016 मध्ये बंद झाले.

एलपी परत आली आहे, हे खरे. अमेरिकेत 2022 मध्ये एलपीच्या 4 कोटी 10 लाख प्रती गेल्या आणि सीडीच्या 3 कोटी 30 लाख. 1987 नंतर प्रथमच एलपी प्रतींच्या संख्येत पुढे गेली. पण या परतीवर मी फारसा विसंबत नाही. तबकडीचा साचा ज्या लाखेच्या चकतीवर कोरतात, ती बनवणारे जगात दोनच कारखाने उरले होते. त्यांतला कॅलिफोर्नियातला फेब्रुवारी 2020 मध्ये जळाला आणि जपानमधला एकटा उरला. शिवाय संपूर्ण संच हा एलपीचा प्रांत नव्हे. वीस मिनिटांनी उठून बाजू बदलायची, आणि ज्या पैशांत सीडीचा अख्खा संच आला असता त्या पैशांत तीन एलपी घ्यायच्या, हे मला हौसेचे वाटते. सीडीची चेष्टा करण्याची सध्या पद्धत आहे, पण क्लबातली एक पूर्ण बैठक न तोडता सीडीत मावते, एलपीच्या एका बाजूवर नाही.

स्ट्रीमिंगविषयी तक्रार करण्याइतका मी कृतघ्न नाही. ज्या संचासाठी पूर्वी बोनस बाजूला ठेवावा लागे तो आज फोनवर लोकलमध्ये उभ्याने ऐकता येतो. शिवाय युरोपात 1962 पर्यंत प्रकाशित झालेली ध्वनिमुद्रणे हक्कमुक्त झाल्यामुळे आठ-आठ एलपींचे चार सीडींवर कोंबलेले स्वस्त संचही ढिगाने निघाले आहेत. भारतातही ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांनी संपतो. म्हणजे संगीत आता कोंडलेले नाही. जे उरले नाही ते कोष्टक. फोनवर कोल्ट्रेनचे नाव दिसते, पण मागे ड्रम कोण वाजवत आहे, कोणत्या रात्री, कितव्या प्रयत्नात, हे सांगायला तिथे कोणी बसलेले नाही. आणि त्या स्वस्त संचांत तर तारखाही धड नसतात. शिवाय करार संपला की जी गोष्ट काल होती ती आज नसते. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत 1 जून 2008 रोजी आग लागून मूळ टेपांचे कोठार जळाले. नेमके किती जळाले यावर कंपनी आणि पत्रकार यांचा वाद 2019 मध्ये पेटला, आणि जळालेल्या वस्तूंची यादी करणेही किती अवघड असते ते त्या वादातच दिसले. म्हणून मला वाटते, पुढेही असे संच निघतील ते थोडे, महाग आणि जाडजूड असतील. चकती त्यांत सवयीने असेल, माणसे पैसे मोजतील ते संपादनासाठी.

ते संपादन आपल्याकडच्या जॅझला मात्र लाभले नाही, याची मला चुटपुट आहे. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलच्या नाचघरात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे वाद्यवृंद वाजत होते आणि त्यांच्याकडून गोव्याची पोरे शिकत होती. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ट्रम्पेट वाजवी तेव्हा त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. त्याने स्वतःच्या वाद्यवृंदाच्या तबकड्या काढल्या आणि सी. रामचंद्रांच्या संगीतातही तो होता; 1951 च्या ‘अलबेला’त तर तो वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो. त्याच्या त्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या चोरबाजारात बांगड्यांच्या आणि घड्याळांच्या शेजारी मांडलेल्या सापडतात, आणि विकणारा कानाची नव्हे तर लाखेची किंमत सांगतो. त्यांच्या लेबलवर वाद्यवृंदाच्या प्रमुखाचे नाव आणि एक क्रमांक असतो, सॅक्सोफोनवाल्याचे नाव नसते. त्या तबकड्या कोणी एकत्र केल्या, साफ केल्या, तारखा लावल्या आणि क्रमांक घातलेले काळे खोके काढले, तर आतले संगीत सीडीवर आहे, एलपीवर आहे की नुसता उतरवून घेण्याचा दुवा आहे, यावर मी घासाघीस करणार नाही. पुस्तिका मात्र छापील हवी, एलपीच्या आकाराची, आणि तिच्यात त्या सॅक्सोफोनवाल्याचे नाव त्याच्या गावासकट हवे.