परत आलेली पत्रं

मंडळाच्या पिकनिकला तिघाचौघांनी विचारलं, तुम्ही विकत घ्यायला घरं शोधताना घरमालकांना ती पत्रं पाठवता ते नक्की कसं करता. तिथे धड सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितेय.

आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो, दोघांच्याही नोकऱ्या आहेत, हे सगळं संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चालतं. भाड्याने द्यायला एखादं जुनं घर घ्यावं असं मनात आलं तेव्हा झिलोवर, म्हणजे घरांच्या जाहिरातींच्या साइटवर, दिसलेलं घर दोन दिवसांत जायचं, तेही मागितलेल्या किमतीच्या वर. मग जानेवारी २०२२ मध्ये चिप बनवणाऱ्या इंटेलने शेजारच्या लिकिंग काउंटीत २० अब्ज डॉलरचा प्लांट जाहीर केला आणि आमच्यासारख्यांना काही मिळेल ही आशाच उरली नाही. तेव्हा ओळखीतला एक कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, विकायला लागलेल्या घरांच्या मागे धावू नका, ज्यांना विकायचंय पण अजून बोर्ड लावलेला नाही त्यांना पत्र टाका.

पत्र काय लिहायचं हे सगळे आधी विचारतात, पण खरं काम लिस्टचं आहे. इथे काउंटी ऑडिटरच्या, म्हणजे घरांच्या मालकीची आणि टॅक्सची नोंद ठेवणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, साइटवर प्रत्येक घराची माहिती कुणालाही बघता येते, मालक कोण, शेवटचा व्यवहार कधी आणि कितीला झाला, टॅक्स थकलाय का, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टॅक्सचं बिल कुठल्या पत्त्यावर जातं. घर इथल्या हिलटॉप भागात आणि बिल जातंय अ‍ॅरिझोनाला, म्हणजे मालक तिथे राहत नाही. त्यातही २००५ च्या आधी घेतलेलं घर असेल तर बहुतेक कर्ज फिटत आलेलं असतं, म्हणजे विकायचं ठरवलं तर त्याच्या हातात काहीतरी उरतं. आम्ही ४३२०४ आणि ४३२११ हे दोनच झिप धरले, कारण तिथल्या गल्ल्या आम्ही स्वतः गाडीने फिरलोय, कुठली बेसमेंट्स पाण्यात जातात ते माहितीये.

(पुण्याहून भावाने विचारलं, आपल्याकडे असं जमेल का. सातबारा ऑनलाइन दिसतो, खातेदाराचं नावही दिसतं, पण तो माणूस आज कुठे राहतो ते त्यात नसतं, त्यामुळे हे इथल्यासारखं तिकडे करता येईल असं मला वाटत नाही.)

पहिली बॅच ३०० पत्रांची. त्यावर दोन फोन आले आणि दोघांनीही लिस्टमधून नाव काढून टाका सांगितलं. मी खूप खचले होते तेव्हा. स्टॅम्पच २०१९ मध्ये ५५ सेंटला होता, २०२५ मध्ये ७८ ला झाला, त्यात कागद, पाकिटं, म्हणजे प्रत्येक बॅचला खिशाला चांगलीच चाट बसते. आणि त्यातली तीसेक पत्रं परत आली, पोस्टाचं पिवळं स्टिकर लावून. ती मी एका पिशवीत भरून गराजमध्ये ठेवून दिली, वाया गेलेले पैसे म्हणून.

ती पिशवी पुन्हा उघडली आईमुळे. ती सहा महिन्यांसाठी आली होती, स्टॅम्प लावायला तीच बसायची माझ्याबरोबर, आणि तिने विचारलं की ह्या प्रत्येकावर वेगवेगळं काय लिहिलंय गं. मी तोवर नीट वाचलंच नव्हतं. काहींवर लिहिलं होतं व्हेकंट, म्हणजे त्या घरात कुणीच राहत नाही. आम्ही बिलाच्या पत्त्याबरोबर घराच्या पत्त्यावरही एक पत्र टाकायचो ना, ते हे. आणि काहींवर चक्क मालकाचा नवा पत्ता छापलेला होता! नंतर पोस्टात जाऊन विचारलं तेव्हा कळलं, पत्ता बदलल्याचं पोस्टाला कळवलं की पहिले बारा महिने फर्स्ट क्लासचं, म्हणजे नेहमीच्या स्टॅम्पचं, पत्र नव्या पत्त्यावर जातं, त्यानंतरचे सहा महिने ते पाठवणाऱ्याकडे नवा पत्ता चिकटवून परत येतं, आणि मग नुसतंच परत येतं. मार्केटिंग मेल, म्हणजे जाहिरातींसाठीचा गठ्ठ्याने टाकायचा दर, स्वस्त पडते, एका वेळी किमान २०० पत्रं टाकायची असतात, पण त्यात न पोचलेलं पत्र साधारणपणे फेकून देतात, परत येत नाही. म्हणून कितीही महाग झालं तरी मी फर्स्ट क्लासच वापरते. ऑडिटरच्या साइटवर पत्ता जुना असू शकतो, पोस्टमन मात्र रोज त्या दारात जातो.

आमचं पहिलं घर ह्याच पिशवीतून मिळालं. स्टिकरवर अॅरिझोनातल्या टूसॉनचा पत्ता होता, तिथे परत पत्र टाकलं, मग दर सात-आठ आठवड्यांनी एक, आणि चौथ्या पत्राला एका बाईंचा फोन आला. वडील गेले होते, घर सामानाने भरलेलं, त्यांना इतक्या लांबून येऊन ते उपसणं शक्य नव्हतं. म्हणाल्या, तुमची आधीची तिन्ही पत्रं ठेवलीत मी, तेव्हा बोलायची मनाची तयारी नव्हती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपलं पत्र ज्यांच्या हातात पडतं त्यांच्यापैकी कितीतरी जणांकडे नुकतंच कुणीतरी गेलेलं असतं, किंवा टॅक्स थकलेला असतो, ते घर म्हणजे त्यांचं दुखणं असतं. लाल अक्षरात शेवटची नोटीस लिहिलेली सरकारी दिसणारी पाकिटं पाठवणारे लोक आहेत, ते मला अजिबात पटत नाही, म्हातारी माणसं घाबरतात त्याने. आमचं पत्र सहा ओळींचं आहे, आम्ही नवरा-बायको इथेच राहतो, एजंट नाही, घर आहे त्या अवस्थेत घेऊ, विकायचं नसेल तर एक फोन करा, परत पत्र येणार नाही. तो फोन आला की नाव त्याच दिवशी काढते. आणि प्रोबेट कोर्टातून, म्हणजे गेलेल्या माणसाच्या मालमत्तेचं बघणाऱ्या कोर्टातून, कळलेलं घर असेल तर काही महिने थांबते, तसंही कोर्टाने त्या मालमत्तेचे व्यवहार करणारा एक्झिक्युटर नेमेपर्यंत कुणाला सही करता येत नाही.

किमतीचंही सांगते. इथे दुरुस्त करून लगेच विकणारे बरेच जण दुरुस्तीनंतरच्या किमतीचे सत्तर टक्के काढून त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करतात. त्या बाईंचं घर नीट केल्यावर १,९०,००० डॉलरचं, त्याचे सत्तर टक्के १,३३,०००, दुरुस्ती ४५,०००, म्हणजे ८८,०००. आम्हाला भाड्याने द्यायचं होतं म्हणून आम्ही ९६,००० सांगितले आणि हा सगळा हिशेब त्यांना फोनवर वाचून दाखवला, हेही सांगितलं की घर रिकामं करून एजंटकडून विकलंत तर तुम्हाला जास्त मिळतील. त्यांनी दोन दिवस घेतले आणि आम्हालाच दिलं. मालकीची कागदपत्रं बघणाऱ्या टायटल कंपनीने लिएन, म्हणजे घरावर कुणाचं देणं आहे का ते, तपासले, ओहायोत प्रॉपर्टी टॅक्स मागाहून भरतात म्हणून त्या बाईंच्या वाट्याचा टॅक्स क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होताना, वळता केला, आणि वडिलांचं हत्यारांचं कपाट तेवढं आम्ही त्यांना ट्रकने पाठवून दिलं.

तेव्हापासून साधारण २,६०० पत्रं झाली आणि घरं दोन. दुसरं व्हेकंटवालं, इथल्याच लिंडन भागातलं, शेजारच्या आजोबांनी मालकाच्या मुलाचा पत्ता दिला.

आता गराजमधल्या पिशवीऐवजी टेबलावर एक ट्रे आहे, परत आलेलं प्रत्येक पत्र आधी त्यात जातं. काल पाच आली, एकावर डेटनचा नवा पत्ता आहे. आज रात्री तेच पाकीट लिहायला घेतेय.